थकलेल्या पाळकांच्या सोबतीला बसताना

चर्चमधली उपासना सुटल्यावर कुणीतरी बाजूला घेऊन म्हणतं, "पाळकसाहेबांचं काही खरं दिसत नाही. तुमचं ऐकतात ते, तुम्ही जरा बघा." बघा म्हणजे नेमकं काय करा, हे कुणी सांगत नाही. आपण हो म्हणतो, घरी येतो आणि मग लक्षात येतं, की आजवर पाळकच आपल्याला बघायला येत होते. आजारपणात, मयतीत, पोराच्या परीक्षेत. त्यांच्याकडे आपण जायची ही पहिलीच वेळ.

माझा जन्म पाळकाच्या घरातला. नोकरी परिचारिकेची झाली, बरीचशी मिशनच्या दवाखान्यात. निवृत्तीनंतर मी आणि माझे यजमान मिळून अशा घरांत जाऊन बसतो. ते पाळकांबरोबर, मी पाळकीणबाईंबरोबर. शिकलो ते बहुतेक चुकतमाकत. नव्याने हे काम अंगावर घेणाऱ्याने निदान आमच्याच चुका पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहितेय. आमचा अनुभव नगर, नाशिक, पुण्याकडच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा, म्हणजे तिथल्या चर्चांचा आहे. ज्या प्रसंगांबद्दल लिहिलंय त्यांतले ओळखीचे तपशील बदलले आहेत.

आधी बघायचं काय

काम करून करून माणूस आतून विझून जाणं, या अर्थाने 'बर्नआउट' हा शब्द 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने मांडला. मोफत दवाखान्यात आपणहून राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था बघून त्याने तो मांडला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाळक त्याच जातकुळीचे. पुढे 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीच्या 11व्या आवृत्तीत त्याची व्याख्या दिली, पण तो आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे असं स्पष्ट म्हटलं. त्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं.

आपल्याकडे त्या तीन गोष्टी अशा दिसतात. रविवारी तीन गावच्या उपासना उरकून रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही आणि सोमवारी अंथरुणातून उठवत नाही. फोन वाजला की तोंडातून निघतं, "आता कोण गेलं?" आणि संध्याकाळी ओट्यावर बसून पाळक म्हणतात, "अठरा वर्षं झाली. कुणाचं काय बदललं माझ्यामुळे?"

याआधीच्या खुणा बारीक असतात. उपासनेतला तोच संदेश, म्हणजे प्रवचन, चार महिन्यांत दुसऱ्यांदा येतो आणि उदाहरणही तेच. गृहभेटींची वही कोरी. चर्चच्या शिपायावर नको तेवढा राग. दफनविधी आटोपला की घरच्यांजवळ दोन मिनिटं टेकायचं सोडून थेट मोटरसायकलला किक. सगळ्यात आतली खूण तेच सांगतील तेव्हा कळते: बायबल उघडतात ते फक्त रविवारच्या संदेशासाठी. स्वतःसाठी उघडून कित्येक महिने झालेले असतात, आणि हे कुणाला सांगायची सोय नसते.

इथे एक परिचारिका म्हणून हट्टाने सांगते. आध्यात्मिक कारणं शोधायच्या आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12. रक्तदाबही. एका पाळकांसाठी आम्ही शुक्रवारची साखळी प्रार्थना ठेवली होती, सव्वा महिना चालली. मग त्यांच्या मेव्हण्याने जबरदस्तीने तपासणी केली तर थायरॉइड पार बिघडलेलं. प्रार्थना वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण मी, इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, तिथे डोळे मिटून बसले होते याची मला अजून लाज वाटते.

थकवा आणि नैराश्य यांतही फरक असतो. थकलेल्या माणसाला आठ दिवस गावी पाठवलं तर चौथ्या दिवशी तो आंब्याच्या झाडाखाली गप्पा मारताना दिसतो. नैराश्यात गावी जाऊनही काही गोड लागत नाही. सलग दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचंच. ते निदान आपण करायचं नाही, आपण फक्त गाडी काढायची.

सोबती कोणी व्हावं

ज्यांच्या हातात पाळकांचा पगार, बदली किंवा वार्षिक अहवाल आहे त्यांनी होऊ नये. मंडळीचे सेक्रेटरी, खजिनदार, सुपरिंटेंडेंट, बिशपसाहेब, सगळे यात आले. माणसं कितीही प्रेमळ असोत. ज्यांच्या सहीने जूनमध्ये सामान बांधावं लागू शकतं, त्यांच्यापुढे कुणी "माझा विश्वास आटलाय" असं म्हणणार नाही. या मंडळींचं काम वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

सगळ्यात बरे म्हणजे दुसऱ्या पाळकक्षेत्रातले निवृत्त पाळक, किंवा दुसऱ्या मंडळीतला समजूतदार विश्वासी. एखादी शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कुणीही. धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. दोन वर्षं पोटात गोष्ट ठेवता येणं लागतं. पुरुषाबरोबर पुरुष, स्त्रीबरोबर स्त्री, किंवा आमच्यासारखं जोडपं. हा जुनाट नियम वाटेल, पण थकलेलं मन पटकन कुठेही टेकतं, आणि गावाला जीभ असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते. त्या संख्येने थोड्या, आणि त्यांच्या सोबतीला बसणारं जवळपास कुणी नसतं. तुम्ही स्त्री असाल आणि हे वाचत असाल तर आधी तिकडे बघा.

आणखी एक. पाळकांनी स्वतः हो म्हटलं पाहिजे. कमिटीने ठराव करून नेमलेला सोबती त्यांना तपासनीसच वाटतो.

पहिली भेट

फोन मंगळवारी करा. शनिवारी ते संदेशाच्या विवंचनेत असतात, रविवारी तर विचारूच नका. भेट पाळक निवासात नको. तिथे दहा मिनिटांत कुणीतरी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतं. गावातल्या हॉटेलातही नको, कारण प्रत्येक टेबलावरून "सलाम, पाळकसाहेब" येत राहतं आणि दर वेळी त्यांना चेहरा सावरून उत्तर द्यावं लागतं. शेजारच्या तालुक्यात जा, कुणाच्या मळ्यावर जा. ज्या जागी त्यांना कुणी पाळक म्हणून ओळखत नाही ती जागा चांगली. फोटो काढू नका. ग्रुपवर टाकणं दूरच राहिलं.

जेवण घेऊन जा. मी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते. हे मी बायकी हौसेने सांगत नाही. बायबलात 1 राजे 19 मध्ये एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून परत जेवायला घातलं. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न आला तो फार पुढे, होरेब डोंगरावरच्या गुहेत, चाळीस दिवसांनी. मंडळीतले बहुतेक वडील, म्हणजे कारभार बघणारी जाणती माणसं, गुहेतला प्रश्न झुडपाखालीच विचारतात.

काय बोलू नये याची यादी माझ्याकडे मोठी आहे. "थोडा उपास धरा." "सैतान हल्ला करतोय." "आमच्याही घरी अडचणी आहेत." आणि लाडकं वाक्य: "पूर्वीचे पाळक सायकलवर पाच गावं करायचे." हो, करायचे. माझे वडील त्यांतलेच. पण सायकलवर असताना त्यांना कुणी फोन करत नव्हतं. दोन गावांमधले ते आठ मैल त्यांचे स्वतःचे असायचे. भजनं म्हणत जायचे, कधी विहिरीवर पोहून यायचे. आजच्या पाळकांचे ते आठ मैल मोबाइलने खाल्ले. तुलना करायचीच तर एवढीही करा.

मग बोलायचं काय? फार काही नाही. माझे यजमान एका पाळकांकडे पहिल्या दोन्ही भेटींत फक्त कोंबड्यांबद्दल बोलले. पाळकांना गिरिराज कोंबड्या पाळायच्या होत्या, त्याचा हिशेब चालला. यजमान घरी येऊन म्हणाले, "आजपण कोंबड्याच." तिसऱ्या वेळी, परत निघताना, चपला घालता घालता पाळक म्हणाले, "प्रार्थनेला डोळे मिटले की समोर काहीच नसतं हो." ते वाक्य बाहेर यायला दोन भेटींच्या कोंबड्या लागल्या. ते आल्यावर लगेच उत्तर देऊ नका. यजमानांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?" आणि चपला पुन्हा काढून ठेवल्या.

लाज हा मोठा अडसर आहे. लोकांना धीर देणाऱ्याचाच धीर सुटला हे त्यांना पाप वाटतं. अशा वेळी इंग्लंडचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांची हकीकत उपयोगी पडते, कारण पाळकांना त्यांचं नाव सेमिनरीपासून माहीत असतं. 19 ऑक्टोबर 1856 ला लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये त्यांच्या सभेत कुणीतरी आगीची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. तो घाव आणि नैराश्याचे झटके जन्मभर राहिले. त्यांनी ते लपवलं नाही, आपल्या विद्यार्थ्यांपुढे उघड व्याख्यान दिलं. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या मेंटोनला विश्रांतीला जात, आणि 1892 मध्ये तिथेच वारले. एवढा मोठा उपदेशक सुटी काढून समुद्रकाठी बसत होता, हे ऐकून एका पाळकांनी पहिल्यांदा मोठ्याने हसून दाखवलं.

वही घ्या, आठवडा लिहा

पहिल्या दोन-चार भेटी झाल्या, थोडा भरवसा बसला, की कामाचा भाग सुरू होतो. शंभर पानी वही घ्या आणि मागचे सात दिवस पाळकांकडून तासागणिक लिहून काढा. त्यांनाच लिहू द्या. अंदाजाने नको, फोनमधले कॉल बघत बघत.

एका वहीतला एक आठवडा असा होता. रविवारी तीन उपासना, तीन गावं, संध्याकाळी तरुण संघ. तीन घरांत कॉटेज प्रार्थना. एक मयत, तीही रात्री साडेअकराला कळलेली. कंपाउंडच्या जमिनीच्या दाव्याची कोर्टात तारीख, दिवसभर बाकावर बसून पुढची तारीख. कमिटीची सभा, साडेतीन तास, त्यातले दोन तास मंडपवाल्याच्या बिलावर. लग्नाच्या नोंदवहीचं काम. शाळेच्या प्रवेशासाठी नऊ दाखले. रोज पहाटे साडेपाचला ग्रुपवर वचन टाकणं, न टाकल्यास "पाळकसाहेब, आज वचन नाही?" असे फोन. संदेशाच्या तयारीला मिळालेला वेळ: शनिवारी रात्री दहानंतर.

आता तीन रकाने आखा. दीक्षित पाळकांशिवाय होऊच शकत नाही ते पहिल्यात: प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न. दुसरं कुणी करू शकेल ते दुसऱ्यात. कुणीही केलं नाही तरी आकाश कोसळणार नाही ते तिसऱ्यात. पहिला रकाना दर वेळी अगदी लहान निघतो. पाळक स्वतः त्याकडे बराच वेळ बघत राहतात.

निर्गम 18 इथे वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला असतो आणि त्याचा सासरा इथ्रो सरळ सांगतो, हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासऱ्याने येऊन जावयाच्या कामात चूक काढली आणि जावयाने ती मानली, एवढ्यासाठीही तो अध्याय वाचण्यासारखा आहे.

दुसऱ्या रकान्यातली कामं वाटायची कुणाला, हे पाळकांनी ठरवायचं आणि मागायचं मात्र मंडळीच्या सेक्रेटरींनी. पाळकांनी मागितलं की लोकांना ते कुरकुरणं वाटतं. कोर्टाची तारीख एखाद्या निवृत्त कारकुनाला द्या, त्यांना तशीही कोर्टाची आवड असते. दाखल्यांना आठवड्यातला एक दिवस आणि एक तास ठरवा. कॉटेज प्रार्थना वडिलांनी घ्याव्यात. महिला मंडळातल्या दोन बायका दवाखान्यातल्या भेटी पाळकांपेक्षा चांगल्या करतात. मी वॉर्डात राहून बघितलंय, त्या निदान डबा घेऊन येतात. पहाटेचं वचन संडे स्कूलच्या मुलांकडे सोपवा, प्रत्येकाची एकेक तारीख.

आणि एक सूचना जी ऐकून कमिटी आधी नाक मुरडते: महिन्यातून एका रविवारी संदेश नको, भजनाची उपासना ठेवा. पेटी, तबला, झांजा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणणारी माणसं अजून जुन्या मंडळ्यांत आहेत, त्यांना पुढे बसवा. पाळकांना बाकावर बसून ऐकू द्या. संदेश देणाऱ्यांना ऐकायला कधी मिळतच नाही. आमच्याकडे ज्या रविवारी हे पहिल्यांदा झालं त्या रविवारी पाळक शेवटच्या भजनापर्यंत मान खाली घालून बसले होते. मला वाटलं झोपले. झोपले नव्हते.

सोमवार

आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी. बहुतेकांना सोमवार सोयीचा. घोषणा सेक्रेटरींनी उपासनेत करायची, तीन रविवार लागोपाठ, कारण पहिल्यांदा कुणी ऐकत नाही. त्या दिवशी पाळकांचा फोन एका वडिलांकडे राहतो. कुणी गेलं किंवा कुणाला दवाखान्यात हलवलं तरच निरोप पुढे. दाखला, मंडप, भांडण, सगळं मंगळवारी. पहिले दोन महिने लोक नाराज होतात. होऊ द्या.

वार्षिक सुटीबाबत आम्ही प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांकडून शिकावं. त्यांच्या कॅनन लॉच्या 533व्या कलमात धर्मगुरूला वर्षाला एक महिन्यापर्यंत सुटी लिहिलेली आहे, आणि वर्षातून एकदाच्या तपसाधनेचे दिवस त्यात मोजायचे नाहीत असंही. आमच्या कित्येक मंडळ्यांत पाळकांची सुटी म्हणजे सासुरवाडीचं लग्न.

कधी काढायची हेही बघावं लागतं. डिसेंबर आला की नाताळची गाणी, घरोघर फिरणं, 31 तारखेची मध्यरात्रीची उपासना. मग उपवासकाळ, चाळीस दिवस. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना. पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टर) पहाटे चारला उठून मिरवणूक. मे महिन्यात लग्नं आणि बदल्या. मोकळे तुकडे तीनच दिसतात: जानेवारीचा दुसरा आठवडा, पुनरुत्थान दिनानंतरचा आठवडा, आणि पावसाळ्यातला ऑगस्ट. हे वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल पेनने मारून ठेवा.

ज्यांची अवस्था फार पुढे गेलीय त्यांना एका आठवड्याने काही होत नाही. चार-सहा आठवडे लागतात, पगार चालू ठेवून. इथे बिशपसाहेब किंवा सुपरिंटेंडेंट यांचं काम येतं: बदली पाळक देणं, सुटी मंजूर करणं आणि मधे फोन न करणं. मंडळीला कारण सांगताना "वैद्यकीय सल्ल्याने विश्रांती" एवढं पुरतं. सांगायचं सेक्रेटरींनी, एकदाच, सगळ्यांसमोर. अर्धवट कुजबुजीतून निघालेल्या गोष्टीला पुढे शेपटं फुटतात.

एक सावधगिरी. सुटीचा पहिला आठवडा बहुधा वाईट जातो. इतके दिवस ताणून धरलेलं सैल झालं की डोकं दुखतं, रडू येतं, दिवसा झोप आणि रात्री जाग. पाळकीणबाई घाबरून मला फोन करतात, "इथे येऊन जास्तच झालं." मी त्यांना आधीच सांगून ठेवते, असं होईल. आणि सुटीवरून परतल्यावर तोच आठवडा, तेच दाखले, तेच साडेतीन तासांचे मंडपवाले वाट बघत असतील, तर तीन महिन्यांत परत पहिल्या जागी. म्हणून वहीचं काम सुटीच्या आधी करा.

पाळकीणबाई आणि पैसा

मंडळी एकाला पगार देते आणि दोघांना राबवते. पाळकीणबाईंनी महिला मंडळ बघायचं, संडे स्कूल घ्यायचं, येणाऱ्या प्रत्येकाला चहा द्यायचा आणि साडी फार भारीही नेसायची नाही, फार साधीही नाही. माझ्या आईने हे सगळं केलं. तिला कुणी विचारलं नाही, कशी आहेस. म्हणून मी गेले की पहिला प्रश्न तिच्यासाठी असतो, पाळकांसाठी नाही. बदल्यांमुळे मुलांच्या शाळा किती बदलल्या, हेही विचारा. तिथून बरंच निघतं.

पैशांचं स्पष्ट विचारा. पगार वेळेवर होतो का? किती महिन्यांचा थकलाय? कुणाचं देणं आहे? आयुष्य पाळक निवासात काढलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी राहायला घर नसतं, आणि पन्नाशीनंतर रात्रीची झोप उडवणारी खरी भीती कित्येकदा हीच असते. तुम्ही स्वतः उसने पैसे देऊ नका, त्या दिवसापासून तुम्ही सोबती राहत नाही, सावकार होता. गुपचूप वर्गणीही काढू नका. त्यांची परवानगी घेऊन विषय कमिटीपुढे आकड्यांसकट मांडा.

तिथे कुणीतरी हमखास म्हणेल, ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला होता. सोडला होता. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, कमिटीचा ठराव नव्हता. आणि संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ओढला.

गुपित, आणि ते कुठे संपतं

ऐकलेलं घरी सांगायचं नाही. प्रार्थनेचा विषय म्हणूनही सांगायचं नाही. आपल्याकडे गुपितं फुटतात ती जास्त करून प्रार्थनेतच: "प्रभू, आमच्या पाळकांच्या घरातला क्लेश तू जाणतोस..." झालं.

पण सगळंच पोटात ठेवता येत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे मंडळीचं नाव, पाळकांचं नाव, काही आड येत नाही. मंडळीच्या पैशांत अफरातफर असेल तर तीही तुमच्या थकव्याच्या गप्पांत झाकली जाता कामा नये. थकवा हे कारण असू शकतं, पांघरूण नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. "मी नसतो तर बरं झालं असतं," "सगळ्यांची सुटका होईल," असं काही कानावर आलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने माणूस बहुतेक वेळा सुटकेचा श्वास टाकतो. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडायचं नाही, घरात शेतीचं औषध किंवा झोपेच्या गोळ्या असतील त्या हलवायच्या, घरच्या एका माणसाला सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.

ज्यांना ना बिशप, ना बदली

स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांची तऱ्हा वेगळी. भाड्याचा हॉल, ठरलेला पगार नाही, मंडळी आपणच उभी केलेली. त्यामुळे सुटी घेतली की माणसं दुसऱ्या सभेला जातील ही धास्ती. काही गावांत प्रार्थनासभेला विरोध होतो, पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जावं लागतं, त्याचा ताण घरातल्या पोरांपर्यंत पोचतो. रजा मंजूर करायला कुणी नाही, पण नाकारायलाही कुणी नाही, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

इथे एकट्या सोबत्यापेक्षा तीन-चार पाळकांचं छोटं वर्तुळ जास्त चालतं. महिन्यातून एक सकाळ, नाश्ता, दोन तास. एकमेकांच्या मंडळीत आळीपाळीने संदेश द्यायचा म्हणजे प्रत्येकाला एक रविवार मोकळा. नियम एकच कडक: उपस्थिती किती, बाप्तिस्मे किती, हे विचारायचं नाही. आकडे निघाले की वर्तुळाची शर्यत होते.

पुढची वर्षं

जरा बरं वाटू लागलं की भेटी महिन्यावर आणा, पण तोडू नका. आम्ही दर वेळी जवळपास तेच विचारतो. मागच्या महिन्यात किती सोमवार मिळाले? पाळकपण बाजूला ठेवून कुणाशी बोललात? स्वतःसाठी काय वाचलं? उत्तर "काही नाही" आलं तरी चेहरा पाडायचा नाही.

थकल्यावर धावण्यापेक्षा आधी जाणं स्वस्त पडतं. सेमिनरीतून नुकते निघालेले, खेड्यातल्या पहिल्या नेमणुकीवर एकटे असलेले तरुण पाळक बघा. त्यांना संदेश कसा द्यावा हे माहीत असतं. रात्री अकराला दारात आलेल्या दारुड्या नवऱ्याचं आणि मार खाल्लेल्या बायकोचं काय करावं, हे नसतं. बायबलातली, प्रेषित पौलाने तरुण सोबती तीमथ्याला लिहिलेली पत्रं मार्गदर्शनाचा नमुना म्हणून सगळे दाखवतात, पण त्यातलं पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे हे वाक्य गाळतात. आणि दुसऱ्या पत्राच्या शेवटी म्हातारा पौल स्वतःसाठी मागतो: त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये. तुम्हीही तुमची अडचण कधीतरी तरुण पाळकांना सांगा. एकाच बाजूने वाहणारी सोबत दोघांनाही अवघडून टाकते.

तुम्हालाही थकवा येईल. एका वेळी दोन घरांपेक्षा जास्त घेऊ नका.

काही जण सेवाच सोडतात. आम्ही पहिल्यांदा हे झालं तेव्हा अडवायचा फार प्रयत्न केला, पाचारणाची आठवण करून दिली, आणि ते चुकलंच. कोंबड्यांचे पाळक ते हेच. आता ते एका शाळेत मराठी शिकवतात. रविवारी तिसऱ्या बाकावर बसतात, गायनमंडळात झांज धरतात. गिरिराज कोंबड्या शेवटी घेतल्या, पंचवीस, त्यातल्या नऊ मुंगसाने नेल्या. माझे यजमान अजून सोमवारी तिकडे जातात आणि येताना अंडी आणतात, पैसे देऊन.